ओळख मिटावी, काम राहावं

सोमवार, १६ जून २०२५

एका शिक्षण संस्थेच्या वसतिगृह-प्रवेशाचं संकेतस्थळ आजपासून आमच्याकडं देखभालीला आलं. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर उभं केलेलं, चार पानांचा अर्ज, शेवटी ओटीपी. हस्तांतराच्या कागदात तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ आहे: अर्ज भरता भरता सिस्टीम बाहेर काढते. कोड उघडण्याआधी हे घडताना बघायचं ठरवलं आणि सोलापुरातल्या कन्ना चौकाजवळच्या एका सेवा केंद्रात जाऊन बसले. बहुतेक अर्ज अशा केंद्रांवरूनच येतात. यंदा अकरावीचे प्रवेशही पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन आहेत, त्यामुळं मे संपायच्या आधीपासून इथं रांग आहे.

दुपारी यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत दहावीचं गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. केंद्रचालक काकांशी ते तेलुगूत बोलत होते, माझ्याशी मराठीत. काकांनी पहिली तिन्ही पानं भराभर भरली, दाखले स्कॅन करून चढवले. चौथ्या पानावर ओटीपी आला, पण नंबर थोरल्या मुलाचा आणि तो सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलेला. कामावर असताना त्याला फोन जवळ ठेवू देत नाहीत. बऱ्याच वेळानं त्याचा उलटा फोन आला. काकांनी नवा ओटीपी मागवून आकडे टाकले, बटण दाबलं आणि समोर लॉगिनचं पान आलं. आत जाऊन बघितलं तर पहिलं पानसुद्धा कोरं.

"बगा ताई, गेलं परत," काका म्हणाले. "रोजच असं व्हायलंय."

मुलीनं काही न बोलता पिशवीतून कागद पुन्हा काढायला सुरुवात केली. वडील घड्याळाकडं बघत होते. त्यांची दुसरी पाळी सुरू व्हायची होती आणि माग बंद राहिला की त्या दिवसाची मजुरी तेवढी कमी. आपण प्रोग्रॅमर ज्याला 'सेशन संपलं' म्हणतो, त्याची किंमत इथं अशी मोजली जाते.

मंगळवार, १७ जून

ऑफिसात प्रोजेक्टसाठी एम.सी.ए.चा एक मुलगा येतो, अक्कलकोट तालुक्यातून रोज एसटीनं. कालचा प्रकार सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, लॉगिन केलंय हे सर्व्हरला कळतंय की. मग तो विसरतो कसा?"

प्रश्न चांगला होता, म्हणून पहिल्यापासून सांगितलं. एचटीटीपी या नियमावलीत सर्व्हरला स्मरणच नाही. ब्राउझर एक मागणी करतो, सर्व्हर उत्तर देतो, व्यवहार संपला. पुढची मागणी त्याच माणसाची आहे की दुसऱ्याची, हे त्या नियमावलीला ठाऊक नसतं. लेख वाचायचे, चित्रं बघायची एवढंच काम होतं तोवर हे उत्तमच होतं, कारण सर्व्हरवर कुणाचं ओझं राहत नव्हतं. अडचण आली ती खरेदी-विक्रीत. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरकडं एक मागणी आली. एमसीआय या कंपनीला ऑनलाइन दुकान काढायचं होतं, पण गिऱ्हाइकाचे अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या सर्व्हरवर सांभाळायचे नव्हते. माँटुलीनं त्यावर कुकी शोधून काढली: सर्व्हरनं ब्राउझरकडं एक छोटी नोंद ठेवायला द्यायची आणि ब्राउझरनं ती प्रत्येक मागणीबरोबर परत दाखवायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या नेटस्केपच्या पहिल्या चाचणी-आवृत्तीत ती होती.

पुढं बहुतेकांनी सगळी माहिती कुकीत घालायचं सोडलं आणि फक्त एक क्रमांक घातला. पंढरपूरला मंदिराबाहेर आपण चपला ठेवतो तेव्हा हातात बिल्ला मिळतो. चपला मांडणीवर राहतात, आपल्याजवळ फक्त नंबर. सेशन म्हणजे ती मांडणी आणि कुकी म्हणजे बिल्ला. बिल्ला ज्याच्या हाती, चपला त्याच्या. देणारा माणूस तोंड बघत नाही. मांडणी कुणी रिकामी केली, तर हातातला बिल्ला खरा असूनही उपयोगाचा नाही.

"म्हणजे काल मांडणी रिकामी झाली," तो म्हणाला. तेच शोधायचं आहे. मला मात्र दिवसभर दुसरी गोष्ट खटकत राहिली. कुकीचा जन्मच अर्धवट कामाचं काय करायचं या प्रश्नातून झाला. एकतीस वर्षांनी आमच्या मुलींचं अर्धवट काम हरवतंय, म्हणजे तो मूळ प्रश्न आपण नीट वाचलेला नाही.

बुधवार, १८ जून

सर्व्हरवरच्या सेशनच्या फोल्डरमध्ये शिरले. पीएचपी प्रत्येक सेशनची एक साधी फाइल करतं. नावात 'सेस' आणि पुढं अक्षरा-आकड्यांची लांब माळ. एक उघडली. मुलीचं नाव, आईचं नाव, आधार क्रमांक, दहावीचे गुण, वार्षिक उत्पन्न, पान क्रमांक ३. साध्या मजकुरात, जसंच्या तसं. डेटाबेसात या अर्जाची एकही ओळ नाही. म्हणजे चौथ्या पानावर शेवटचं बटण दाबेपर्यंत सगळा अर्ज या एका फायलीत टांगलेला असतो. फाइल गेली की अर्ज गेला.

फाइल का जाते? या संकेतस्थळावर सेशनचं आयुष्य ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास ठेवलेलं आहे. मग पाऊण तासात अर्ज कसा उडतो? उत्तर शेजारी सापडलं. त्याच सर्व्हरवर निकाल दाखवणारं आणखी एक जुनं संकेतस्थळ आहे आणि त्याच्या फायली याच फोल्डरमध्ये येतात. त्याचं आयुष्य कुणी बदललेलं नाही. पीएचपीचं मुळातलं १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. पीएचपीची साफसफाई करणारा भाग फाइल कुणाची आहे हे बघत नाही, फोल्डरमधल्या फायलींचं वय बघतो. दोन संकेतस्थळं एकाच फोल्डरमध्ये असली की ज्याची मुदत कमी ते दोन्हींच्या फायली झाडून काढतं.

तक्रार कधी व्हायची आणि कधी नाही, याचंही कारण मिळालं. ही सफाई घड्याळावर चालत नाही. मूळ मांडणीत दर शंभर मागण्यांमागं सरासरी एकदा ती होते. निकालाच्या संकेतस्थळावर वर्दळ असली की पंचविसाव्या मिनिटाला फाइल जाते, शांतता असली की तासभर टिकते. त्यामुळं 'कधी कधी होतं' म्हणून हा दोष आजवर निभावून गेला. फोल्डर वेगळं केलं, त्याच्या सफाईची वेगळी सोय लावली, परवानग्या तपासल्या. बाहेर फेकलं जाणं यानं कमी होईल. पण चार पानांचा अर्ज सेशनमध्ये टांगून ठेवणं हा खरा रोग आहे आणि तो अजून तसाच आहे.

शुक्रवार, २० जून

पुन्हा केंद्रावर. आज काकांच्या कामाची पद्धत बारकाईनं बघितली. एका मुलाचा दाखला चढत असताना ते रिकामे बसत नाहीत. दुसरा टॅब उघडून पुढच्या मुलाचं लॉगिन करतात. रांग बघितली की यात त्यांचं काहीच चुकत नाही. गडबड ब्राउझरमध्ये आहे. एका ब्राउझरमध्ये एका संकेतस्थळाची सेशन कुकी एकच असते. दुसऱ्या टॅबमध्ये दुसऱ्या मुलाचं लॉगिन झालं की पहिल्याची ओळख पुसली जाते, पण पहिल्या टॅबमध्ये पान मात्र पहिल्याचंच दिसत राहतं. काकांनी त्या पानावर उत्पन्नाचा दाखला जोडला आणि तो दुसऱ्याच्या अर्जात जाऊन बसला. स्क्रीनवर हिरवी खूण आली. दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.

हा दोष अर्ज हरवण्यापेक्षा वाईट आहे. हरवलेला अर्ज दिसतो तरी. चुकीच्या माणसाच्या नावावर बसलेला दाखला छाननीत निघतो आणि तोवर मुलाची जागा गेलेली असते.

संध्याकाळी दुरुस्ती केली. कोणत्या अर्जावर काम चाललंय हे आता सेशनला विचारायचं नाही. प्रत्येक पान आपला अर्ज क्रमांक स्वतः बरोबर आणेल आणि हा अर्ज आत्ता लॉगिन असलेल्याच माणसाचा आहे का, हे सर्व्हर प्रत्येक वेळी तपासेल. जुळलं नाही तर जतन न करता थांबवून सांगेल की या ब्राउझरमध्ये दुसऱ्याचं लॉगिन झालं आहे. सेशनमध्ये उरलं फक्त 'माणूस कोण' एवढंच. काकांना ब्राउझरची दोन वेगळी प्रोफाइल करून दिली, कारण खासगी खिडक्या कितीही उघडल्या तरी क्रोममध्ये त्या आपसात एकच कुकी वापरतात.

आणखी एक गाठ सुटली. दाखला चढत असताना दुसरा टॅब गरगरत राहायचा. पीएचपी सेशनच्या फायलीला कुलूप घालतं आणि काम संपेपर्यंत सोडत नाही. मोठी फाइल जतन करण्याआधी सेशन लिहून बंद केलं की कुलूप सुटतं. एका ओळीचा बदल, पण काकांच्या रांगेला तो उद्या जाणवेल.

रविवार, २२ जून

सुट्टी. घरी बसून सुरक्षेच्या नोंदी नीट लावल्या. एम.सी.ए.च्या मुलाला उद्या द्यायच्या आहेत.

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या अमेरिकन प्रोग्रॅमरनं 'फायरशीप' नावाची फायरफॉक्सची जोडणी खुली केली. उघड्या वाय-फायवर बसलेल्या इतरांच्या सेशन कुकी ती उचलायची आणि एका टिचकीत त्यांच्या खात्यात शिरता यायचं. पासवर्ड लागायचाच नाही. त्या काळी बरीच मोठी संकेतस्थळं लॉगिनचं पान तेवढं एचटीटीपीएसवर ठेवायची आणि पुढं सगळं उघड्यावर. बटलरनं ते जगाला करून दाखवलं आणि संपूर्ण एचटीटीपीएसकडं जाण्याचा दबाव वाढला. आज कुकीवर 'सिक्युअर' लिहिलं की ती उघड्या जोडणीवरून जात नाही. 'एचटीटीपी-ओन्ली' ही खूण मायक्रोसॉफ्टनं २००२ साली आणली. तिच्यामुळं पानात घुसलेली जावास्क्रिप्ट कुकी वाचू शकत नाही. 'सेम-साइट' मुळं दुसऱ्या संकेतस्थळानं आपल्या नावानं परस्पर मागणी पाठवली तर कुकी बरोबर जात नाही. फेब्रुवारी २०२० पासून क्रोम हे बंधन आपण न सांगताही लावू लागला. आमच्या संकेतस्थळावर तिन्ही खुणा नव्हत्या. आता आहेत.

पण केंद्रावर मला ज्याची काळजी वाटते, तो परक्या गावातला हॅकर नाही. खुर्ची तीच राहते आणि माणूस बदलतो, हा इथला धोका आहे. २००२ च्या डिसेंबरमध्ये मित्या कोल्शेक या स्लोव्हेनियन तज्ज्ञानं एका लेखात दाखवलं की सेशनचा क्रमांक चोरण्याचीही गरज नसते. आपल्याला ठाऊक असलेला क्रमांक दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये आधीच बसवून ठेवायचा आणि त्यानं लॉगिन करण्याची वाट बघायची. सामायिक संगणकावर हे सर्वांत सोपं. उपाय एका वाक्याचा आहे: लॉगिन होताच क्रमांक बदला, जुना मारून टाका. पीएचपीत त्यासाठी तयार फंक्शन आहे. हजारो मुलांचे आधार क्रमांक आणि जातीचे दाखले जिथं आहेत तिथं ते नसणं मला सहन होण्यासारखं नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंही ही जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावरच टाकली आहे.

मंगळवार, २४ जून

आज संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. प्रश्न एकच: सेशन किती मिनिटांचं ठेवायचं?

कार्यालयातले एक सर म्हणाले, "मॅडम, दिवसभराचं ठेवा ना. पोरांना त्रास नको." दुसरे म्हणाले, "पाच मिनिटं करा, बँकेसारखं." दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच हा वाद कुठल्याही ऑफिसात मिटत नाही. ओवॅस्प ही वेब-सुरक्षेतली संस्था मोठ्या जोखमीच्या कामासाठी दोन ते पाच मिनिटं आणि कमी जोखमीसाठी पंधरा ते तीस मिनिटं निष्क्रिय मुदत सुचवते. अमेरिकेच्या मानक संस्थेनं, निस्टनं, २०१७ च्या मार्गदर्शिकेत मधल्या पातळीसाठी तीस मिनिटं निष्क्रियता आणि एकूण बारा तासांची मर्यादा घातली. आमच्या अर्जात आधार आणि बँक खातं आहे, म्हणून मुदत कमी हवी. अर्ज भरणारा माणूस भावाच्या फोनची वाट बघत बसतो, म्हणून मुदत जास्त हवी. एकाच आकड्यात या दोन गरजा बसणार नाहीत, कितीही घासाघीस केली तरी.

बैठकीत मी एवढंच म्हटलं: माणसाची ओळख आणि त्याचं काम या दोन गोष्टी आपण एकाच फायलीत बांधल्या आहेत, त्या सोडवू या. ओळख लवकर मिटू दे, पंधरा मिनिटांत. काम मिटायला नको. ते अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत राहू दे.

माझ्या मनचं सांगत नव्हते. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत २००८ पासून हे लिहिलेलं आहे. मुदत संपण्याआधी सूचना द्या, साध्या कृतीनं वाढवून घ्यायला निदान वीस सेकंद द्या, आणि अशी वाढ दहा वेळा तरी मिळू द्या. सर्वांत वरच्या पातळीवर आणखी एक अट आहे: सेशन संपून पुन्हा लॉगिन केलं तर माहिती न गमावता काम पुढं चालू करता आलं पाहिजे. हे नियम प्रामुख्यानं ज्यांना वाचायला, टंकायला वेळ लागतो अशा अपंग व्यक्तींसाठी केलेले आहेत. कन्ना चौकातल्या रांगेलाही ते तंतोतंत लागू पडतात.

संस्थेनं मान्य केलं. पालख्या वाटेवर आहेत, महिनाअखेरीच्या सुमारास जिल्ह्यात येतील. त्या आठवड्यात माळशिरस, पंढरपूरकडच्या मुलांना अर्जासाठी दुसरी खेप घालायला लावू नये, म्हणून त्याआधी काम पुरं करायचं आहे.

गुरुवार, २६ जून

मसुद्याचं काम झालं. आता प्रत्येक रकाना सोडताना त्यातली माहिती डेटाबेसात जाते. अर्ज 'मसुदा' म्हणून पहिल्या क्षणापासून अस्तित्वात असतो, त्याला क्रमांक असतो, चढवलेले दाखले त्या क्रमांकाला चिकटलेले असतात.

एम.सी.ए.च्या मुलानं सुचवलं होतं की मसुदा ब्राउझरच्याच साठ्यात ठेवू, सर्व्हरवर ताण नको आणि नेट गेलं तरी चालेल. घरच्या संगणकावर मी लगेच हो म्हटलं असतं. केंद्रावर त्याच खुर्चीत पुढं बसणाऱ्याला मागच्या मुलीचा आधार क्रमांक वाचता येईल. म्हणून मसुदा सर्व्हरवरच. नेट गेलं तर शेवटचा एक रकाना जाईल, ते चालेल.

एक अडचण अनपेक्षित ठिकाणी निघाली. प्रत्येक अर्जपानात एक गुप्त खूण असते, दुसऱ्या संकेतस्थळानं आपल्या नावानं परस्पर अर्ज पाठवू नये म्हणून. ती खूण सेशनमध्ये राहते. सेशन संपून पुन्हा लॉगिन केलं की पानातली खूण जुनी ठरते आणि खरा माणूस खरं बटण दाबत असूनही सर्व्हर त्याला नाकारतो. आता लॉगिन त्याच पानावर छोट्या खिडकीत होतं. ते झालं की नवी खूण मागवून पानात बसवली जाते आणि भरलेलं तसंच राहतं. फक्त एक काळजी घेतली: पुन्हा लॉगिन करणारा माणूस तोच नसेल तर पान पूर्ण रिकामं होतं.

सूचनेचा मजकूरही बदलला. आधी इंग्रजीत 'सेशन संपलं' एवढंच यायचं आणि पालक विचारायचे, "नामंजूर झाला काय?" आता लिहिलं आहे: 'सुरक्षेसाठी तुमचं लॉगिन बंद केलं आहे. अर्ज जपून ठेवला आहे. पासवर्ड टाका, इथूनच पुढं सुरू होईल.' माणसाला आधी हवी असते ती बातमी म्हणजे आपलं काम सुरक्षित आहे की नाही. ती पहिल्या दोन वाक्यांत मिळाली पाहिजे.

शनिवार, २८ जून

केंद्रावर चाचणी. आज फक्त बाहेर पडण्याची वाट तपासली. आत येण्याच्या दारावर सगळे कष्ट घेतात, बाहेर पडण्याच्या दाराकडं फार थोडे बघतात.

काकांनी लॉगआउट दाबलं. पुढचा मुलगा बसला, त्यानं ब्राउझरचं मागं जायचं बटण दाबलं आणि आधीच्या मुलीचं पान जसंच्या तसं समोर. सेशन मेलेलं होतं. पण ब्राउझरनं पानाची प्रत जवळ ठेवली होती. अर्जाच्या प्रत्येक पानाबरोबर 'साठवू नको' हा आदेश पाठवल्यावर ते थांबलं.

मग वीज गेली. शहराच्या पूर्व भागात ती अशी मधूनच जाते आणि शेजारच्या मागांची खडखड एकदम थांबते. इन्व्हर्टर असलेला संगणक चालू राहिला, दुसरा बंद पडला. वीज आल्यावर ब्राउझरनं विचारलं, आधीची पानं परत उघडू का? काकांनी सवयीनं हो म्हटलं. पानं आली आणि त्यांच्याबरोबर लॉगिनही आलं, मघाशी उठून गेलेल्या मुलाचं. 'ब्राउझर बंद होताच कुकी जाते' हे पुस्तकात असतं. पानं परत उघडताना ब्राउझर त्या कुकीही परत आणतो. म्हणून मुदतीचा हिशेब ब्राउझरवर सोडून चालत नाही. शेवटची हालचाल कधी झाली हे सर्व्हरनं स्वतः लिहून ठेवायचं आणि पंधरा मिनिटं उलटली की येणाऱ्याला थांबवायचं, मग त्याच्या हातात कुकी असो वा नसो. फायलींच्या सफाईवरही हे सोपवायचं नाही. सफाई जागा मोकळी करण्यासाठी असते, पहाऱ्यासाठी नव्हे. आज वीज दहा मिनिटांत आली, म्हणून तो मुलगा अजून आत होता. काकांना दाखवलं: उठण्याआधी लॉगआउट, मग वीज गेली तरी परत येण्यासारखं काही उरत नाही. आता लॉगआउटचं बटण प्रत्येक पानावर, उजवीकडं वर, मोठ्या अक्षरांत आहे.

सोमवार, ३० जून

एम.सी.ए.च्या मुलाचा आग्रह होता की सगळं जेडब्ल्यूटीवर न्यावं. त्यानं अभ्यास करून मुद्दे मांडले, म्हणून वेळ काढून बसलो. या पद्धतीत माणसाची ओळख, मुदत आणि सर्व्हरची सही एकाच चिठ्ठीत असते. सही तपासली की झालं, सर्व्हरला काही आठवावं लागत नाही. मे २०१५ मध्ये त्याचं मानक आलं. दोन-तीन सर्व्हर असतील, मोबाइल ॲप असेल, एका सेवेनं दुसरीशी बोलायचं असेल तिथं ते कामाचं आहे.

मी त्याला एकच प्रश्न विचारला: "एखादी मुलगी सांगेल की माझं लॉगिन केंद्रावर उघडं राहिलं, आत्ताच्या आत्ता बंद करा. तू काय करशील?"

तो बराच वेळ विचारात होता. मुदत संपेपर्यंत ती चिठ्ठी खरीच राहते. ती मागं घ्यायची तर रद्द केलेल्यांची यादी ठेवावी लागते, ती प्रत्येक वेळी तपासावी लागते, म्हणजे सर्व्हरला पुन्हा आठवावंच लागतं. "मग सेशनच बरं की मॅडम," तो म्हणाला.

आमच्या कामाला तेच बरं. शेवटच्या दिवशी दुसरा सर्व्हर जोडावा लागला तर सेशन फायलींत असून चालणार नाही, कारण पहिली मागणी एकीकडं आणि दुसरी दुसरीकडं गेली की माणूस बाहेर फेकला जाईल. म्हणून सेशन डेटाबेसातल्या तक्त्यात हलवली. त्यातून एक फायदा आपोआप मिळाला: कुणाचं लॉगिन कुठं उघडं आहे ते विद्यार्थ्याला स्वतःला दिसतं आणि 'सगळीकडून बाहेर पडा' हे बटण देता आलं. ते बटण त्या मुलानं लिहिलं, चांगलं लिहिलं.

शुक्रवार, ४ जुलै

संस्थेला टिपण दिलं. एका पानात, त्यांच्या सरांना वाचता येईल असं. ओळख पंधरा मिनिटं, आणि दर वेळी आधी सूचना. मसुदा शेवटच्या तारखेपर्यंत. त्यानंतर न भरलेले मसुदे आणि त्यांचे दाखले पुसून टाकायचे, कारण नको असलेली माहिती साठवणं हाही धोकाच. 'मला लक्षात ठेवा' ही चौकट कार्यालयातल्या काहींना हवी होती. ती दिलेली नाही आणि का नाही ते लिहिलं आहे. केंद्रचालकांना त्रास होईल असा कुठलाही बदल एका केंद्रावर चालवून बघितल्याशिवाय लावायचा नाही.

शेवटचा मुद्दा मी ठळक केला. पंधरा हा आकडा मी या केंद्रांवरची माणसं, त्यांची रांग, त्यांची वीज आणि त्यांचे फोन बघून ठेवला आहे. पुढच्या वर्षी मुलं स्वतःच्या फोनवरून अर्ज भरू लागली तर तो बदलावा लागेल. म्हणून दर मे महिन्यात अर्ज सुरू होण्याआधी संस्थेच्या एका माणसानं आणि एका प्रोग्रॅमरनं मिळून केंद्रावर एक पूर्ण दिवस बसावं आणि मुदत पुन्हा ठरवावी. पीएचपीची २४ मिनिटं काय किंवा आमची १५ काय, ज्यांच्या वेळेवर हे आकडे चालतात त्यांना बघितल्याशिवाय ते कायम करण्याचा अधिकार कुणालाच नाही. सरांनी हे वाक्य टिपणात तसंच ठेवलं आणि पुढच्या मे महिन्याची तारीख आजच वहीत घातली.